गृहीतकांच्या रकान्यातील पूर : आपत्ती-जोखीम, विकास नियोजन आणि सल्लागारांचे काम

विकास प्रकल्पांच्या आखणीसाठी गेल्या अर्धशतकात जे साधन जगभर सर्वाधिक रूढ झाले, ते म्हणजे चार रकान्यांचा तर्क-आराखडा. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी एका खासगी सल्लागार कंपनीने तो १९६९ च्या सुमारास तयार केला आणि पुढे बहुतेक मदत संस्थांनी थोड्याफार फरकाने तो स्वीकारला. पहिल्या रकान्यात प्रकल्पाची कामे, त्यांची फलिते आणि अंतिम उद्दिष्ट, दुसऱ्यात त्यांचे मोजमाप, तिसऱ्यात मोजमापाच्या पडताळणीची साधने आणि चौथ्यात गृहीतके, म्हणजे प्रकल्पाच्या हाताबाहेरच्या पण त्याच्या यशाला आवश्यक असलेल्या बाबी, अशी त्याची मांडणी असते. पाऊस सरासरीइतका होईल, प्रकल्पकाळात मोठे चक्रीवादळ येणार नाही, अशा आशयाची वाक्ये दीर्घकाळ या चौथ्या रकान्यात लिहिली जात होती. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर किंवा मोझांबिकच्या नदीखोऱ्यांत असे वाक्य लिहिणे म्हणजे प्रकल्प फसण्याच्या सर्वांत संभाव्य कारणाकडे रीतसर पाठ फिरवणे होते. आपत्ती-जोखीम न्यूनीकरण विकास नियोजनात आणण्याचे जे सल्लागारी काम गेली काही दशके चालले आहे, त्याचा गाभा हे वाक्य चौथ्या रकान्यातून उचलून पहिल्या रकान्यात, म्हणजे प्रत्यक्ष कामांत आणि खर्चात, नेणे हा आहे. ते कोठे साधले आणि जेथे साधले नाही तेथे का साधले नाही, याचा हा आढावा आहे.

या कामामागची कल्पना सल्लागारांच्या धंद्याहून जुनी नसली, तरी त्यांच्या अहवालांहून जुनी आहे. भूकंप, पूर, वादळ हा नुसता धोका असतो. त्याच्या वाटेत किती माणसे, घरे आणि शेते आहेत आणि तो झेलून पुन्हा उभे राहण्याची त्यांची ताकद किती कमी आहे, म्हणजेच त्यांची असुरक्षितता किती आहे, यावर जोखीम ठरते. फिल ओकीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर या तिघांनी १९७६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात आपत्तींना नैसर्गिक म्हणण्यालाच हरकत घेतली आणि वाढत्या हानीचे मूळ निसर्गातील बदलांत नव्हे, तर लोकांच्या वाढत्या असुरक्षिततेत शोधावे, असे सुचवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्वाटेमालात झालेल्या भूकंपात सुमारे तेवीस हजार माणसे दगावली. बळी पडलेल्यांत मातीच्या विटांच्या घरांत राहणाऱ्या आणि घसरणाऱ्या उतारांवर वस्ती करून राहिलेल्या गरिबांचा भरणा इतका मोठा होता, की या आपत्तीचे वर्गीय स्वरूप तेथे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

ग्वाटेमालातील पुनर्बांधणीतच या क्षेत्रातील सल्लागाराची एक आरंभीची आणि आजही विचारात घेण्याजोगी प्रतिमा दिसते. टेक्ससचे अभियंते फ्रेड क्यूनी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी डॅलसमध्ये इंटरटेक्ट ही छोटी सल्लागार संस्था काढली होती. ग्वाटेमालात ऑक्सफॅम आणि वर्ल्ड नेबर्स या संस्थांनी तयार घरे वाटण्याऐवजी गवंड्यांना आणि घरमालकांना भूकंपात टिकेल असे बांधकाम शिकवण्याचा जो कार्यक्रम राबवला, त्याच्या आखणीत क्यूनी यांचा सहभाग होता. आपत्तीनंतरची मदत जर लोकांना पूर्वीइतकेच असुरक्षित करून सोडत असेल, तर ती पुढच्या आपत्तीची पूर्वतयारी ठरते, हा विचार त्यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. क्यूनी १९९५ मध्ये चेचन्यात बेपत्ता झाले. प्रत्यक्ष कामाच्या जागी मुक्काम ठोकणारा आणि मदत देणाऱ्या संस्थेलाही खडे बोल सुनावणारा सल्लागार हा त्यांचा नमुना पुढे फारसा टिकला नाही, कारण काम वाढत गेले तसे त्याचे स्वरूप निविदा आणि कंत्राटांचे झाले.

ते वाढण्याचे कारण आंतरराष्ट्रीय धोरणात आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० ते १९९९ हे आपत्ती न्यूनीकरणाचे दशक म्हणून पाळले आणि १९९४ मध्ये योकोहामा येथे एक धोरणपत्र संमत झाले, पण या काळात भर मुख्यतः विज्ञान आणि तंत्रज्ञानावर होता. ऑक्टोबर १९९८ मधील मिच चक्रीवादळाने चित्र बदलले. होंडुरास आणि निकाराग्वा या देशांत मिळून दहा हजारांच्या वर बळी गेले, रस्ते आणि पूल वाहून गेले, आणि देशाची पन्नास वर्षांची प्रगती नष्ट झाल्याचे होंडुरासच्या अध्यक्षांनी सांगितले. ज्या रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी कर्जे दिली गेली होती, तेच वाहून गेल्यावर कर्ज देणाऱ्यांना आपत्ती हा मदतकार्याचा विषय उरला नाही, तो गुंतवणुकीचा विषय झाला. हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २००५ मध्ये, १६८ देशांनी कोबे येथे ह्योगो आराखडा स्वीकारला आणि मार्च २०१५ मध्ये सेंदाई आराखड्याने त्याची जागा घेतली. सेंदाई आराखड्याची मुदत २०३० पर्यंत आहे आणि त्यात सात जागतिक लक्ष्ये आहेत. भारतात दहाव्या पंचवार्षिक योजनेत आपत्ती व्यवस्थापनाचा विकासाच्या दृष्टीने विचार करणारे स्वतंत्र प्रकरण आले आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने विकास योजनांत आपत्ती निवारणाचा अंतर्भाव करणे ही सरकारी खात्यांची जबाबदारी ठरवली. प्रत्येक करारासोबत अहवाल, मार्गदर्शिका, प्रशिक्षणे आणि प्रगतीचे मोजमाप यांची मागणी निर्माण झाली, आणि ती पुरवणाऱ्यांचा एक मोठा वर्गही निर्माण झाला.

या वर्गाच्या कामाची रीत बहुतेक देशांत सारखीच असते. कर्ज किंवा अनुदान देणारी संस्था कार्यकक्षा ठरवते, निविदा निघते, निवडलेली कंपनी प्रारंभिक अहवाल देते, राजधानीत सल्लामसलतीच्या कार्यशाळा भरतात, धोक्यांचे नकाशे काढले जातात, प्रकल्प तपासण्याची प्रश्नावली तयार होते, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळते आणि अंतिम अहवाल सादर होऊन शेवटचा हप्ता दिला जातो. या साधनांपैकी काही खरोखर उत्तम आहेत. शार्लट बेन्सन आणि जॉन ट्विग यांनी टिझियाना रोसेटो यांच्यासह २००७ मध्ये प्रोव्हेन्शन या गटासाठी लिहिलेल्या चौदा मार्गदर्शक टिपणांत दारिद्र्य निर्मूलन धोरणापासून पर्यावरणीय मूल्यमापनापर्यंत आणि खुद्द तर्क-आराखड्यापर्यंत, नियोजनाच्या प्रचलित साधनांत जोखमीचा प्रश्न नेमका कोठे घालावा, हे दाखवले आहे. नवे साधन शोधण्यापेक्षा जुन्या साधनात प्रश्न घालण्याचा हा मार्ग शहाणपणाचा होता, कारण नियोजन खात्यातील अधिकारी नवा अर्ज टाळू शकतो, पण जो अर्ज भरल्याशिवाय निधी मिळत नाही त्यातला प्रश्न टाळणे त्याला अवघड जाते. आपत्तीनंतर हानी मोजण्याच्या पद्धतीचाही येथे उल्लेख करायला हवा. मानाग्वाच्या १९७२ च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगाने विकसित केलेल्या या पद्धतीत मोडलेल्या मालमत्तेची किंमत आणि बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो. शेतकऱ्याचे नुकसान घर पडण्यापुरते नसून हंगाम बुडण्यातही आहे, हे अर्थखात्याच्या भाषेत सांगण्याची सोय तिने केली.

अर्थखात्याला पटवण्याचा भाग मात्र सर्वांत कच्चा राहिला आहे. आपत्ती टाळण्यावर खर्च केलेला एक डॉलर सात डॉलर वाचवतो, हे विधान असंख्य अहवालांच्या प्रस्तावनांत आढळते. त्याचे मूळ १९९० च्या दशकात चाळीस अब्ज डॉलर गुंतवले असते तर २८० अब्जांची हानी टळली असती, अशा एका ढोबळ अंदाजात आहे, आणि तो ज्या आकडेमोडीवर उभा आहे ती त्याचा पुनरुच्चार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिली असावी. एकास चार हे दुसरे लोकप्रिय गुणोत्तर २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आहे. तो अभ्यास काटेकोर आहे, पण त्याचा विषय अमेरिकेच्या संघीय आपत्ती संस्थेने १९९३ ते २००३ या काळात दिलेली अनुदाने हा आहे. तेथील घरांच्या किमती, विमा आणि बांधकामाचे दर धरून निघालेले गुणोत्तर नेपाळच्या किंवा मलावीच्या अहवालात जसेच्या तसे उतरवणे हे सल्लागाराच्या व्यावसायिक प्रतिष्ठेला शोभणारे नाही.

खरी अडचण गुणोत्तरात नसून वटाव दरात, म्हणजे भविष्यातील लाभाचे आजचे मोल काढताना दरवर्षी कापल्या जाणाऱ्या टक्केवारीत आहे. आशियाई विकास बँकेने दीर्घकाळ बारा टक्के दर वापरला आणि २०१७ मध्ये तो नऊवर आणला. बारा टक्क्यांनी तीस वर्षांनंतर वाचणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मोल सुमारे तीन रुपये चौतीस पैसे येते, नऊ टक्क्यांनी साडेसात रुपये आणि सहा टक्क्यांनी सतरा रुपयांच्या आसपास. याउलट शंभर वर्षांत एकदा येईल असा समजला जाणारा पूर तीस वर्षांच्या आयुष्याच्या पुलाला गाठण्याची शक्यता सव्वीस टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी अधिक असते. पूर पुलाला गाठण्याची शक्यता चारात एक आणि टळणाऱ्या हानीचे मोल शंभरात तीन, असा हिशेब मांडला की जोखीम आपोआप नगण्य ठरते, आणि तसे ठरवणाऱ्यावर कोणी अप्रामाणिकपणाचा आरोपही करू शकत नाही. दर कोणता धरावा हा तांत्रिक दिसणारा पण मुळात राजकीय प्रश्न आहे, आणि बहुतेक कार्यकक्षांत तो सल्लागाराला विचारलाच जात नाही.

या सर्व गुणदोषांचा दीर्घ पट एकाच देशात पाहायचा असेल, तर बांगलादेशासारखे दुसरे उदाहरण नाही. १९५४ आणि १९५५ च्या पुरांनंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात संयुक्त राष्ट्रांचे एक मंडळ आले. अमेरिकेचे माजी मंत्री ज्युलियस क्रग त्याचे प्रमुख होते, आणि मंडळाचा अहवाल १९५७ मध्ये सादर झाला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकी मदतीने आणि परदेशी सल्लागार अभियंत्यांच्या देखरेखीखाली किनारी बंधाऱ्यांचा प्रकल्प सुरू झाला. नेदरलँड्सच्या धर्तीवर नद्यांनी वेढलेल्या बेटांभोवती मातीचे बंधारे घालून आत खारे पाणी येऊ न देणाऱ्या या वेढ्यांना पोल्डर म्हणतात, आणि त्यांची संख्या आज सुमारे १४० आहे. उद्देश भाताचे पीक वाढवण्याचा होता आणि आरंभी तो सफलही झाला. बंधाऱ्यांची उंची मात्र भरतीच्या हिशेबाने ठरवली होती, वादळी लाटेच्या हिशेबाने नव्हे. आधी उल्लेखिलेल्या चौथ्या रकान्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्याहून खोल चूक गाळाची होती. नैर्ऋत्य बांगलादेशातील शेतकरी पूर्वी 'अष्टमासी बांध' घालत, म्हणजे वर्षातील आठ महिने खारे पाणी अडवणारे तात्पुरते बांध. पावसाळ्यात नदीचे गोडे, गाळयुक्त पाणी शेतात येऊ दिले जाई आणि त्यामुळे जमीन दरवर्षी थोडी उंचावत असे. कायमच्या बंधाऱ्यांनी हा गाळ नदीच्या पात्रातच साठला, पात्रे उथळ झाली आणि बंधाऱ्याआतली जमीन खाली राहिली. सुंदरबनालगतच्या ३२ क्रमांकाच्या पोल्डरातील जमीन शेजारच्या खुल्या जंगलभूमीच्या तुलनेत एक ते दीड मीटरने खाली गेल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले आहे. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळात याच पोल्डरचे बंधारे फुटले, आणि आतली जमीन खोलगट असल्याने भरतीचे पाणी पुढे सुमारे दोन वर्षे आत-बाहेर करीत राहिले. विकासासाठी बांधलेल्या रचनेनेच जोखीम निर्माण केली. आपत्ती-जोखीम न्यूनीकरणाच्या बहुसंख्य मार्गदर्शिका प्रकल्पाला निसर्गापासून कसे वाचवावे हे सांगतात, प्रकल्पापासून लोकांना कसे वाचवावे हा प्रश्न त्यांत बराच मागे पडतो.

लोकांनी आपले उत्तर शोधले होते. साचलेल्या पाण्याने शेती बुडालेल्या बिल डाकातिया या पाणथळ भागात १९९० मध्ये गावकऱ्यांनी बंधारा कापला, आणि १९९७ मध्ये बिल भायना येथे हेच पुन्हा घडले. भरतीचे पाणी आत शिरले, गाळ जमिनीवर बसला, जमीन उंचावली आणि नदीचे पात्र खोल झाले. या भागात आशियाई विकास बँकेच्या कर्जाने निचरा सुधारण्याचा जो प्रकल्प चालू होता, त्याची मूळ आखणी दरवाजे आणि कालव्यांची होती. लोकांच्या कृतीचा परिणाम मोजल्यानंतर देशी संशोधन संस्थेने तिचा पुरस्कार केला, आणि भरती-नदी व्यवस्थापन या नावाने ती पद्धत अधिकृत झाली. कायदा मोडून केलेल्या कृतीला तांत्रिक मान्यता मिळवून देणे ही त्या संस्थेतील सल्लागारांची खरी कामगिरी म्हणावी लागेल. पद्धत पुढे सर्वत्र सुरळीत चालली असे मात्र नाही, कारण पाण्याखाली काही वर्षे जाणाऱ्या जमिनीची भरपाई मालकांना वेळेवर मिळणे हा तिचा कच्चा दुवा आहे.

दरम्यान १९८७ आणि १९८८ च्या पुरांनी देशाचा मोठा भाग व्यापला, आणि १९८९ मध्ये जागतिक बँकेच्या समन्वयाखाली पूर कृती योजना आकाराला आली. फ्रेंच अभियंत्यांच्या गटाने मोठ्या नद्यांच्या दोन्ही काठांवर अब्जावधी डॉलरचे बंधारे सुचवले, तर हार्वर्डचे पीटर रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात पुरासह जगण्याची, म्हणजे इशारा, पुरात टिकणारी घरे आणि पिकांतील बदल यांची बाजू मांडली. दोन सल्लागार गट एकाच नदीकडे पाहून परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात तेव्हा फरक नदीत नसतो. बंधारा बांधण्यात कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत आणि पाणी ओसरल्यानंतरच्या मासेमारीवर कोणाचे पोट आहे, यांतील कोणता प्रश्न आधी विचारला गेला, यात असतो. योजनेत सव्वीस घटक होते, अनेक देशांच्या कंपन्या कामाला लागल्या, आणि लोकसहभाग नाममात्र असल्याची टीका देशातून आणि युरोपातूनही झाली. टांगाइल येथील प्रायोगिक प्रकल्पाला स्थानिकांनी उघड विरोध केला. मासेमारी, पर्यावरण आणि पूर-प्रतिसाद यांवरचे पूरक अभ्यास पुढे आले तसे मोठ्या बंधाऱ्यांचे समर्थन कठीण होत गेले, आणि प्रस्तावित स्वरूपात ते बांधले गेले नाहीत. या योजनेची चिरस्थायी फळे अनपेक्षित निघाली. नकाशांकन आणि जलगतीच्या संगणकीय प्रतिरूपांसाठी सुरू केलेल्या घटकांतून ढाक्यातील देशी तज्ज्ञसंस्था उभ्या राहिल्या, आणि आज परदेशी कंपन्यांनाच त्यांच्याकडून आकडेवारी घ्यावी लागते.

याच देशात सल्लागारी कामाचे निःसंशय यशही आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली, एप्रिल १९९१ मध्ये सुमारे एक लाख अडतीस हजार, आणि नोव्हेंबर २००७ मधील सिद्र या तीव्र वादळात सुमारे तीन हजार चारशे. या घसरणीचे श्रेय प्रथम रेड क्रेसेंट आणि सरकारने १९७० च्या वादळानंतर उभारलेल्या स्वयंसेवकांच्या जाळ्याला आहे. पण १९९१ नंतर निवाऱ्यांचा जो बृहत् आराखडा झाला, तो ढाक्यातील अभियांत्रिकी विद्यापीठ आणि विकास संशोधन संस्था यांनी प्राध्यापक जमिलुर रझा चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली केला होता. निवारा वर्षभर प्राथमिक शाळा म्हणून चालवावा, हा त्याचा कणा होता. शाळा म्हणून वापरात असलेल्या इमारतीचे दरवाजे उघडे असतात, तिची किल्ली कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी शिक्षण खात्याकडे खर्चाचे शीर्ष असते. जोखीम न्यूनीकरण विकास नियोजनात मिसळणे या लांबलचक शब्दप्रयोगाचा अर्थ येथे एका इमारतीत उतरला आहे. सल्लागार देशातले होते आणि आराखडा वापरणारी सरकारी खाती त्यांच्या नेहमीच्या संपर्कातली होती, हा योगायोग मानता येणार नाही.

कधीकधी जोखीम कमी करणारा निर्णय त्या नावाने ओळखलाही जात नाही. १९९८ च्या पुराने देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग दोन महिन्यांहून अधिक काळ पाण्याखाली ठेवला, तरी १९७४ सारखा दुष्काळ पडला नाही. यामागचे एक प्रमुख कारण म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभी तांदळाची खासगी आयात खुली केली गेली होती, आणि भारतातून आलेल्या तांदळाने बाजारभाव आटोक्यात राहिले. व्यापार धोरण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपत्ती व्यवस्थापनाची मार्गदर्शिका होती असे म्हणता येत नाही. सल्लागारांनी आपला तपास आपत्ती खात्यापुरता न ठेवता व्यापार, जमीन, पतपुरवठा आणि नगररचना या खात्यांकडे वळवावा, यासाठी याहून चांगला आधार सापडणार नाही.

प्रशासकीय दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय प्रयोग पेरूचा आहे. १९९७-९८ च्या एल निन्योने तेथील सार्वजनिक बांधकामांची मोठी हानी केल्यानंतर, २००० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक गुंतवणूक व्यवस्थेत अर्थमंत्रालयाने जर्मन तांत्रिक सहकार्य संस्थेच्या मदतीने प्रकल्पांचे जोखीम विश्लेषण समाविष्ट केले. फरक असा, की सल्लागार येथे आपत्ती निवारण खात्याकडे न जाता थेट तिजोरीच्या चावीकडे गेले. जोखमीचे उत्तर नसलेला प्रस्ताव मंजुरीला अडू लागला की प्रांतिक अभियंता आपोआप भूगर्भशास्त्रज्ञाला फोन करतो, त्यासाठी कार्यशाळेची गरज राहत नाही. तरीही २०१७ मध्ये किनारी एल निन्योने पेरूला जबर तडाखा दिला, कारण नवा नियम नव्या प्रकल्पांना लागू होतो, आधीच वसलेल्या नदीकाठच्या वस्त्यांना नाही. पुनर्बांधणीसाठी देशाने २०२० मध्ये ब्रिटनशी सरकार-ते-सरकार करार केला. फिलिपाईन्समध्येही प्रांतिक नियोजनात जोखीम आणण्याच्या मार्गदर्शिका २००८ मध्ये तयार झाल्या आणि २०१० च्या कायद्याने स्थानिक महसुलाचे पाच टक्के या कामासाठी राखून ठेवले. पण २०१३ मध्ये हैयान वादळात सहा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि टाक्लोबान शहरात सागरी लाटेच्या इशाऱ्याचा अर्थच अनेकांना कळला नाही. नियम आणि निधी असूनही इशाऱ्याची भाषा लोकांपर्यंत न पोहोचणे, हे मार्गदर्शिकांच्या पलीकडचे अपयश आहे.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध किल्लारीच्या भूकंपामुळे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशा घरांनीच माणसे मारली. जागतिक बँकेच्या कर्जाने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली, आणि लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः, हप्त्यांनी मिळालेल्या पैशांतून केले. नव्या गावठाणांची चौकोनी, शहरी धाटणीची आखणी, शेत आणि गोठ्यापासूनचे अंतर, मोठे रस्ते यांवर अभ्यासकांनी बरीच टीका केली आहे, आणि ती योग्य आहे. पण दुरुस्तीच्या कार्यक्रमात एक अनोखी गोष्ट घडली. राज्य सरकारने लोकसहभागाच्या कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सल्लागार नेमले, आणि संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. अनुदानाचे नियम समजावणे, बांधकामावर लक्ष ठेवणे, अभियंत्याला गावाचा प्रश्न सांगणे ही कामे या स्त्रियांनी केली, आणि २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यापैकी काही जणी कच्छमधील स्त्रियांना मदत करायला गेल्या. सल्ला देण्याचा अधिकार पदवीने नव्हे तर पडलेले घर पुन्हा बांधण्याच्या अनुभवाने मिळू शकतो, हे सरकारी कंत्राटात मान्य झाल्याची उदाहरणे जगात कमीच आहेत. महाराष्ट्राचा राज्य आपत्ती व्यवस्थापन आराखडाही याच कार्यक्रमातून, केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधी, आकाराला आला.

एवढ्या खटाटोपानंतर पैशाची दिशा किती बदलली, हे पाहिले तर चित्र निराशाजनक आहे. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत जगात दिल्या गेलेल्या सुमारे तीन लाख कोटी डॉलरच्या विकास मदतीपैकी आपत्तींशी संबंधित मदत १०६.७ अब्ज डॉलर होती, आणि त्यातही आपत्ती टाळण्यावर किंवा तिची तयारी करण्यावर केवळ १३.५ अब्ज डॉलर खर्च झाले. हे प्रमाण एकूण मदतीच्या शंभर डॉलरमागे सुमारे पंचेचाळीस सेंट पडते. जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन गटाने २००६ मध्येच बँकेचे लक्ष प्रतिबंधापेक्षा आपत्तीनंतरच्या मदतीकडे अधिक असल्याचे नोंदवले होते. राजकीय कारण उघड आहे. पूर आल्यावर वाटलेले धान्य दिसते, न आलेल्या हानीचे छायाचित्र काढता येत नाही, आणि देणगीदार देशाच्या संसदेला पहिल्याचाच हिशेब हवा असतो.

यात सल्लागारांचा दोष किती, हा प्रश्न न्यायाने पाहिला पाहिजे. कार्यकक्षा ते ठरवत नाहीत, मुदत ते ठरवत नाहीत, आणि अहवाल दिल्यावर ते देशात राहत नाहीत. पण अहवाल हेच फलित मानण्याच्या व्यवस्थेवर त्यांचा धंदा चालतो, आणि ती बदलण्यासाठी त्यांनी फारसा आवाज उठवलेला नाही, हेही खरे आहे. तीन-चार महिन्यांच्या कंत्राटात अभियंता, अर्थतज्ज्ञ आणि कार्यशाळांचे आयोजन करणारा यांच्यासाठी दिवस मोजले जातात. बंधाऱ्याची देखभाल दहा वर्षांनी कोणी करायची, हा प्रश्न मात्र शेवटच्या प्रकरणातील शिफारशींत एका वाक्यात उरकला जातो. वर पाहिलेल्या उदाहरणांत जेथे काम टिकले, तेथे तीनपैकी किमान एक गोष्ट दिसते: देशातील कायमस्वरूपी संस्थेने ज्ञान आपल्याकडे ठेवले, तिजोरीवर अधिकार असलेल्या खात्याने प्रश्न आपल्या अर्जात घातला, किंवा बांधलेल्या वस्तूला आपत्तीखेरीज दुसरा रोजचा उपयोग होता. यांपैकी एकही नसलेल्या ठिकाणी उत्कृष्ट अहवालही ग्रंथालयात गेला.

सेंदाई आराखड्याची मुदत २०३० मध्ये संपते, आणि २०२३ मधील त्याच्या मध्यावधी आढाव्याने प्रगती अपुरी असल्याचे मान्य केले आहे. त्यापुढील करारासाठी वाटाघाटी होतील तेव्हा कर्ज घेणाऱ्या देशांनी, आणि भारतात राज्य सरकारांनीही, दोन साध्या अटींचा आग्रह धरावा: सल्लागाराच्या मानधनाचा काही भाग अहवालाऐवजी प्रकल्पाच्या आखणीत आणि अंदाजपत्रकात झालेल्या प्रत्यक्ष बदलाशी जोडलेला असावा, आणि प्रत्येक कार्यकक्षेत देखभालीच्या खर्चाचे लेखाशीर्ष नाव घेऊन सांगण्याची सक्ती असावी.